‘त्यांचं चालू, मग आमचंच का बंद?’ : साथीतल्या बंदीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण कोविडच्या साथीच्या काळातल्या सरकारी बंदीबद्दल प्रश्न मागवले होते. मला वाटलं होतं विषय जुना झाला, चार-दोन पत्रं येतील. पण कसलं काय, ढीग आला, आणि बहुतेकांचा राग अजून ताजाच आहे. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून निवडक घेतलीयेत. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, अनेकांनी तसं लिहिलंच होतं.

ताई, माझं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे. बंदी आली तेव्हा आम्ही निमूट शटर खाली ओढलं. पण जवळचं मोठं सुपरमार्केट अत्यावश्यक म्हणून चालू होतं आणि आत कपडे, चपला, खेळणी सगळं विकलं जात होतं. आमच्या संघटनेने निवेदन दिलं तर लोक म्हणाले, तुम्हाला जिवापेक्षा धंदा मोठा. आम्ही खरंच स्वार्थी आहोत का?

नाही हो. आणि तुम्ही एकटेही नाही. मी या विषयावर जेवढं वाचलंय त्यात एक गोष्ट सारखी दिसते, लोक ‘बंद’वर जेवढे चिडत नाहीत तेवढे ‘त्याचं चालू आणि माझं बंद’ यावर चिडतात.

फ्रान्सचंच बघा. ऑक्टोबर २०२० च्या शेवटी तिथे दुसऱ्यांदा बंदी लागली, पुस्तकांची दुकानं अत्यावश्यकच्या यादीत नव्हती, पण सुपरमार्केटमध्ये पुस्तकं मिळत होती. छोटे पुस्तकविक्रेते खवळले, लेखकांनीही आवाज उठवला. आता तुम्हाला वाटेल सरकारने दुकानं उघडली असतील. छे! सरकारने सुपरमार्केटलाच सांगितलं की तुमचाही पुस्तकांचा विभाग बंद करा. त्याच सुमारास वेल्समध्ये १७ दिवसांची बंदी होती, तिथेही हाच प्रकार, सुपरमार्केटमध्ये अत्यावश्यक नसलेल्या मालावर प्लास्टिक टाकलेलं, आडव्या पट्ट्या लावलेल्या, म्हणजे माणूस दुकानात आलाय, ट्रॉली घेऊन फिरतोय, साबण घेतोय, पण शेजारच्या रॅकवरचं भांडं घ्यायचं नाही. लोक भडकले आणि सरकारला खुलासे करत बसावं लागलं. समानता आली म्हणायचं, पण ती सगळ्यांना सारखंच उपाशी ठेवून.

सरकारची बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकतर्फी बोलतात. माणूस दुकानात जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका धोका जास्त, म्हणून कपडे चाळत फिरणं नको, हा विचार अगदीच वेडगळ नव्हता. पण तो लोकांना नीट समजावून सांगितला गेला नाही, नुसती यादी लावली गेली.

आणि हे आजचं नाही बरं का. १९१८ च्या इन्फ्लुएंझात लॉस एंजेलिसमध्ये थिएटरं बंद होती आणि दुकानं चालू. थिएटरवाल्यांचा वैताग असा की शेवटी त्यांनी म्हटलं, बंद करायचं तर थोडे दिवस सगळंच करा, एकदाचं संपवा. धंदेवाला माणूस आणखी बंदी मागतोय, यावरून काय ते समजा.

आता पैशाचं. २३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री इटलीत नेपल्सला लोक रस्त्यावर आले, काही ठिकाणी दगडफेक, जाळपोळही झाली, ते वाईटच, पण त्यांची घोषणा लक्षात ठेवण्यासारखी आहे, ‘तू आम्हाला बंद करतोस, तर पैसेही तूच दे’. बास, एवढंच. साथ खोटी आहे असं त्या घोषणेत कुठेच नाही. काही देशांनी हे ओळखलं होतं. ब्रिटनने मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत घरी बसवलेल्या कामगारांचा ८० टक्क्यांपर्यंत पगार, महिन्याला २५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून दिला. जर्मनीने नोव्हेंबर २०२० मध्ये बंद ठेवलेल्या हॉटेल-रेस्टॉरंटना आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या उलाढालीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत जाहीर केली. पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून तिथेही बोंब झालीच, पण हिशोब कोणाकडून मागायचा हे तरी ठरलेलं होतं. ज्यांच्याकडे कागद नाहीत, उलाढालीची नोंद नाही, असे लोक मात्र बऱ्याच ठिकाणी अशा मदतीच्या बाहेर राहिले, हातावर पोट असणारा काय दाखवणार?

तर तुमच्या संघटनेला माझा सल्ला, पुढच्या वेळी निवेदनात ‘उघडू द्या’ एवढंच लिहू नका. बंदी कधी आणि कुठल्या आकड्यावर उठणार, तोवर भाडं आणि पगार कोण भरणार, आणि आमच्याइतकीच गर्दी ज्यांच्याकडे होते त्यांना वेगळा नियम का, हे लिहा. मग ‘जिवापेक्षा धंदा मोठा’ असं म्हणायला कोणाची जीभ सहज वळणार नाही.

नमस्कार. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्या वर्गात वाद झाला. अर्धे म्हणतात बंदीच्या आदेशाने बाजार बुडाला, अर्धे म्हणतात लोक ऐकतच नव्हते. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

छान पकडलंस गं. दोन्ही अर्धवट आहे. शिकागोच्या ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये मोबाईल फोनचा डेटा घेऊन बघितलं, अमेरिकेत एकमेकांना लागून असलेल्या भागांत, जिथे सीमेच्या एका बाजूला आदेश होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता, तिथे दुकानांत येणारी माणसं किती कमी झाली. एकूण घट होती साधारण ६० टक्के, आणि त्या साठातले फक्त ७ आदेशामुळे. बाकी लोक आपणहून घरी बसले होते, बातम्या बघून, आजूबाजूचे मृत्यू ऐकून. आदेश निघायच्या आधीच गर्दी ओसरायला लागली होती आणि जिथे आदेश उठले तिथेही गिऱ्हाईक लगेच परत आलं नाही.

म्हणजे लोक ऐकत नव्हते हे काही खरं नाही, लोक आदेशाआधीच घाबरले होते. आणि सगळा बाजार आदेशानेच बुडवला हेही नाही. पण हा एक अभ्यास आहे, अमेरिकेतला, पहिल्या लाटेचा. त्यातून जगाचा नियम काढू नकोस, आणि वर्गात हा आकडा फेकताना हेही सांग की ज्याला घरी बसणं परवडतं तोच आपणहून बसतो.

दारूची दुकानं उघडी आणि प्रार्थनास्थळं बंद! हा कुठला न्याय? आमची श्रद्धा अत्यावश्यक नाही का?

या प्रश्नाची बारा-पंधरा पत्रं आहेत, सगळ्या धर्मांच्या लोकांची, भाषा मात्र एकच. तेव्हा जरा सविस्तर.

आधी रोगाची बाजू. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण आले होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. अडीच तास गाणं, खुर्च्या जवळजवळ, शेवटी त्या उचलून ठेवायलाही सगळ्यांचे हात. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी, खात्रीचे आणि संशयित धरून, आणि दोघांचा मृत्यू. बंद जागा, बराच वेळ, आणि मोठ्याने गाणं किंवा म्हणणं, हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं ते यात दिसतं. दुकानातून बाटली घेऊन माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. त्याच्या चांगुलपणाचा इथे संबंध नाही, मिनिटांचा आहे.

पण सरकारं खरंच मिनिटं मोजून निर्णय घेत होती का? सगळीच नाही. दारूत कर असतो, हे सगळ्यांना माहितीये, उगाच लपवायचं कशाला. दुसरं कारण वैद्यकीय, व्यसन असलेल्या माणसाची दारू एकदम तुटली तर झटके येतात, जिवावर बेततं. दक्षिण आफ्रिकेने उलटा प्रयोग केला, २७ मार्च २०२० पासून दारू आणि सिगारेट दोन्हींची विक्री बंद. दारूबंदीमागचं कारण असं की मारामाऱ्या आणि अपघात कमी होऊन हॉस्पिटलमधल्या खाटा मोकळ्या राहाव्यात, आणि जखमी रुग्ण कमी झालेही. सिगारेटची बंदी मात्र ऑगस्टपर्यंत चालली आणि तेवढ्या काळात चोरट्या विक्रीने बाजार काबीज केला. तेव्हा ‘दारू बंद करून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

आणि तुमचा प्रश्न कोर्टात गेलाय बरं का, शब्दशः. न्यूयॉर्कमध्ये रेड झोनमधल्या प्रार्थनास्थळात जास्तीत जास्त १० माणसं, ऑरेंज झोनमध्ये २५, असा नियम होता, मग इमारत हजार माणसांची का असेना, आणि अत्यावश्यक धंद्यांना अशी मर्यादा नव्हती. कॅथलिक चर्च आणि ज्यू संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २५ नोव्हेंबर २०२० ला ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्टाने ती मर्यादा रोखली. एका न्यायमूर्तींनी उदाहरण दिलं ते वाईनच्या बाटलीचं आणि नव्या सायकलचं. गंमत म्हणजे त्याच कोर्टाने सहा महिने आधी, मे मध्ये, कॅलिफोर्नियाच्या अशाच प्रकरणात ५ विरुद्ध ४ नेच बंधनं चालू ठेवली होती. मधल्या काळात एक न्यायमूर्ती वारल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. विषाणू तोच, राज्यघटना तीच.

माझं मत विचाराल तर बंद जागेतली गर्दी थांबवणं बरोबर होतं, पण श्रद्धेला नुसतं ‘अत्यावश्यक नाही’ असा शिक्का मारणं चूक. उघड्या मैदानात, ठरावीक माणसांत, वेळ कमी करून, असं काहीतरी विचारून ठरवता आलं असतं. विचारलं गेलं नाही, तेच झोंबलं.

मी निवृत्त शिक्षक. नातवाने विचारलं, १८९७ च्या प्लेगमध्ये सरकार साथच आटोक्यात आणत होतं ना, मग लोक रँडच्या जिवावर का उठले? मला समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

सर, नातवाला सांगा की राग उपायांवर कमी आणि पद्धतीवर जास्त होता.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा कायदा, पण सरकारला वाटेल ते करायची मुभा देणारा. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा प्रमुख, आणि घरं तपासायला गोरे सोल्जर. आजारी माणूस सापडला की हॉस्पिटलात, घरचे विलगीकरणाच्या छावणीत, सामान जाळायचं, जमीन उकरायची. देवघरात बुटांनी शिरणं, बायकांची परक्या पुरुषांकडून तपासणी, याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत भरभरून आल्या. तक्रार ऐकायला कोणी नाही. २२ जून १८९७ ला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्याच्या सोबतचा लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. टिळकांना ‘केसरी’तल्या लेखनावरून राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली.

आता यातली खरी मेख अशी की ज्याच्यासाठी एवढी घरं उलटीपालटी केली ते कारणच हाती लागलं नव्हतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि तेही बऱ्याच जणांना पटायला पुढे कितीतरी वर्षं गेली. म्हणजे माणसं छावणीत आणि उंदीर मोकळे.

आणि लोक उपायांच्या विरोधात होते असंही समजू नका. टिळकांनी स्वतः प्लेगच्या रुग्णांसाठी हॉस्पिटल चालवायला मदत केली. सावित्रीबाई फुले पुण्याबाहेरच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. प्लेग आला की कितीतरी कुटुंबं आपणहून घर सोडून बाहेर मोकळ्यावर झोपड्या टाकून राहत, ती पण बंदीच झाली ना? फक्त ती स्वतः ठरवलेली, आपल्या माणसांबरोबर, चूल आपली. मुंबईतही ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला तपासणी पथक आलं त्यावरून दंगल पेटली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली, स्थानिक लोकांना बरोबर घ्यायला सुरुवात केली. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

नातवाला हेही सांगा की तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, १२३ वर्षांचा म्हातारा कायदा.

शाळा इतका काळ बंद ठेवायला नको होत्या, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा मीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शाळा उघडू नका’ म्हणून भांडत होते. आम्ही पालक चुकलो का?

तेव्हा जे माहीत होतं त्यावर भांडलात, त्यात काय. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून लहान मुलांच्या शाळा उघडायला घेतल्या, युरोपात सगळ्यात आधी, तर तिथल्या पालकांनी ‘माझ्या मुलावर प्रयोग नकोत’ अशा अर्थाचा फेसबुक ग्रुप काढला आणि हजारो जण त्यात आले. ऐन भरात जगभरात दीडशे कोटींवर मुलं शाळेबाहेर होती असं युनेस्कोचं म्हणणं. १९१८ मध्ये न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी मात्र शाळा चालूच ठेवल्या, त्यांचं म्हणणं, यातली बहुतेक मुलं दाटीवाटीच्या चाळींत राहतात, घरी कोंडण्यापेक्षा शाळेत रोज डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली तरी राहतील. त्यांनाही शिव्या खाव्या लागल्याच. ग्रुपवर ज्यांच्याशी भांडलात त्यांच्याशी बोलणं सुरू झालं असेल तर विषय सोडून द्या.

नियम करणारेच नियम मोडतात, मग आम्ही का पाळायचे?

पाळायचे ते त्यांच्यासाठी नाही, पण तुमचा राग रास्त आहे. मे २०२० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्स बंदीत लांबचा प्रवास करून आल्याचं बाहेर आलं आणि पंतप्रधान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लंडनच्या विद्यापीठातले संशोधक तेव्हा हजारो लोकांची मतं सतत टिपत होतेच, त्यांना दिसलं की त्या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास घसरला, आणि स्कॉटलंड-वेल्समधल्या लोकांचा त्यांच्या त्यांच्या सरकारवरचा तसा घसरला नाही. एप्रिल २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाच बंदीतल्या एका पार्टीसाठी दंड झाला. दंड छोटासाच. ज्यांना त्या काळात आपल्या माणसाच्या अंत्ययात्रेलाही जाता आलं नव्हतं त्यांनी तो आकडा वाचून काय म्हटलं असेल ते छापण्यासारखं नाही.

ताई, बंदीच्या काळात शेजाऱ्यांकडे रात्री तीसेक माणसं जमून समारंभ चालू होता. माझे सासरे तेव्हा ऑक्सिजनवरून नुकतेच घरी आले होते. मी पोलिसांना फोन केला. त्यांना दंड झाला. फोन मीच केला हे त्यांना कधी कळलं नाही, पण संशय आहे, तेव्हापासून बोलणं बंद. मी चूक केली का, आणि आता काय करू?

हे पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं, कारण यात माहिती सांगून भागणार नाही.

शेजाऱ्याने शेजाऱ्याची तक्रार करणं हे जगभर झालं. जपानमध्ये तर पहिल्या आणीबाणीत, एप्रिल २०२० मध्ये, सरकारकडे दंड करायचा अधिकारच नव्हता, नुसती विनंती होती, तर लोकच पोलीस झाले, उघड्या दुकानांवर धमकीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, बाहेरगावच्या नंबरप्लेटच्या गाड्यांना त्रास दिला. ओसाकाच्या गव्हर्नरने बंद न होणाऱ्या पचिंको जुगारघरांची नावं जाहीर केली, लाज वाटेल म्हणून, तर नावं वाचून उघडं कुठे आहे ते लोकांना कळलं आणि तिथे रांगा लागल्या. फजिती नुसती.

तुमचं तसं नाहीये. चिठ्ठ्या चिकटवणारे लोक कोणाला तरी धडा शिकवायला निघाले होते, तुमच्या घरात आजारी माणूस होता आणि भिंतीपलीकडे तीस माणसं. मला विचाराल तर आधी दार वाजवून सांगायला हवं होतं, ‘घरी सासरे आहेत, आवरा आता’ म्हणून. पण दार वाजवलं असतं आणि त्यांनी ऐकलं नसतं तर पुढचा फोन कोणी केला हे उघडच झालं असतं, त्या भीतीने माणसं थेट फोन करतात, मी पण बहुतेक तेच केलं असतं.

आता जा. सण-वार बघत बसू नका, एखाद्या साध्या दिवशी जा, आणि सरळ सांगा की फोन मी केला होता, सासऱ्यांची भीती वाटली म्हणून. ‘माफ करा’ म्हणायची गरज नाही, पण ‘आधी तुमच्याकडे यायला हवं होतं’ हे जरूर म्हणा. ते चिडतील, कदाचित वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बोलून दाखवतील, तेव्हा मध्ये बोलू नका. नाहीच जमलं तर आत्ता जसं आहे तसंच राहील. आणि यजमानांना बरोबर न्यायचं तर आधी त्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते तिथेच म्हणतील, ‘अगं, मला कुठे माहीत होतं!’